सध्या सध्याचा दर

आमच्या बँकेच्या हजेरीपटावर कानामात्रा या नावाचं कुणी नव्हतं. पण टपालवाल्यांपासून गव्हर्नरसाहेबांच्या शिपायापर्यंत कुणालाही विचारलं असतं तरी कानामात्रा कुठे बसतात ते त्याने बोट दाखवून सांगितलं असतं. ते मुद्रितशोधक होते. कागद बाहेर पडण्याआधी त्यातल्या चुका काढायचे. मी त्यांना मास्तर म्हणायची, ते मला बाई म्हणायचे. एकोणीस वर्षं आम्ही एकाच टेबलाशी बसलो. एवढ्या वर्षांत आमचं घरगुती बोलणं झालं असेल ते सगळं मिळून एका चहात संपेल इतकं. बाकी सगळा वेळ मी वाचत होते आणि ते ऐकत होते.

आमचं काम आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आपण ज्यात खातं काढतो तसली ही बँक नव्हे. ही बँकांची बँक. नोटा हीच काढते, आणि बाकीच्या बँकांना ती ज्या दराने पैसे देते तो दरही हीच ठरवते. हा दर वाढला की खालपासून वरपर्यंत सगळी कर्जं महागतात. त्यात माझ्या दोन खोल्यांच्या घराचा हप्ताही आला. कर्जं महागली की लोक हात आखडता घेतात आणि महागाईचा जोर ओसरतो. निदान ओसरावा, अशी अपेक्षा असते. दर दोन महिन्यांनी समिती बसते, दर ठरवते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक दहाला दीड पानाचं निवेदन बाहेर पडतं. ते शेवटचं तपासायचं काम आम्हा दोघांचं.

त्यासाठी तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. सकाळी सातला आत जायचं, मोबाइल दारातल्या पत्र्याच्या पेटीत टाकायचा, बाहेरून कुलूप. आत चौघंजण: समितीचे सचिव, टंकलेखक, मास्तर आणि मी. पाण्याचा जार, भिंतीवर घड्याळ आणि आतल्या संडासाची कायम गळणारी टाकी. दहापर्यंत त्या टाकीचा आवाज ऐकून मला दर वेळी वाटायचं की देशाचं चलन सांभाळणाऱ्यांना एक वॉशर बदलता येऊ नये!

समितीने सह्या केलेली मूळ प्रत माझ्या हातात असायची. टंकलेखकाने तयार केलेली छापील प्रत मास्तरांच्या पुढ्यात. मी मूळ मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. ते छापीलवर बोट फिरवत ऐकायचे. नियम असा की कानावर पडेल ते मूळ. कानाला आणि डोळ्याला जुळलं की पुढे जायचं. कानावर एक पडलं आणि डोळ्याला दुसरं दिसलं, की लाल पेनने कानाप्रमाणे दुरुस्त करायचं. आणि दोन्ही जुळत असूनही काही खटकलं, तर हात लावायचा नाही, सचिवांना विचारायचं. एवढे तीनच नियम. मास्तर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत मोठे झालेले, त्यामुळे त्यांना उलटा कागदही सुलट वाचता यायचा. माझ्या हातातली मूळ प्रत टेबलापलीकडून चुकून वाचली जाऊ नये म्हणून ते खुर्ची वळवून, भिंतीकडे तोंड करून बसायचे. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माणूस म्हणून सहन करायला अवघड, हेही सांगते. औषधाच्या पाकिटावरच्या चुका काढायचे. लिफ्टमधल्या पाटीवर 'व्यक्ति' लिहिलं होतं, ती वेलांटी दीर्घ होईपर्यंत तीन महिने जिन्याने चढले. लेकीच्या लग्नाची पत्रिका सात वेळा तपासली, आणि शेवटी छापखान्याने वेळच चुकीची छापली म्हणून मुलीच्या लग्नात तोंड पाडून बसले. बायको गेली तेव्हा बँकेने सूचनाफलकावर दोन ओळी लावल्या होत्या. आठ दिवसांनी मास्तर कामावर आले, फलकासमोर उभे राहिले. 'दुखःद' असं छापलं होतं, विसर्ग एक घर पुढे सरकलेला. त्यांनी खिशातून पेन काढलं, विसर्ग उचलून जागेवर ठेवला, आणि मग येऊन बसले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

शब्दांवरून एवढा जीव काढण्यासारखं काय आहे, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. दर वाढला तर वाढला, नाही तर नाही, आकडा सांगा आणि मोकळे व्हा. सचिवांनी एकदा मला समजावलं होतं. ते म्हणाले, "बाई, दुकानदाराला वाटलं की पुढच्या महिन्यात भाव वाढणार, तर तो थांबतो का? तो आजच वाढवतो. म्हणजे महागाई आधी लोकांच्या मनात वाढते. दराने आपण कर्ज महाग करतो, ते पोचायला वर्ष जातं. मनाला पोचायला आपल्याकडे फक्त हे दीड पान आहे."

बाजारातली माणसं तर त्या दीड पानावर टपूनच असतात. सरकार लोकांकडून कर्ज घेतं, त्याचे कागद म्हणजे रोखे, आणि त्यांची दिवसभर खरेदी-विक्री चालते. दर वाढणार असं वाटलं की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांना कुणी विचारत नाही, भाव पडतात. वाढणार नाही असं वाटलं की उड्या पडतात. तिथली पोरं मागचं निवेदन आणि नवं निवेदन शेजारी-शेजारी ठेवतात आणि कुठला शब्द गेला, कुठला आला, एवढंच बघतात. मास्तरांचा जावई असल्याच एका दलाली कंपनीत होता. मास्तर त्याच्याशी हवापाण्याखेरीज काही बोलत नसत. लेकीची तक्रार असायची की बाबा आले की यांच्याशी फक्त पावसाबद्दल बोलतात, आणि उन्हाळ्यात तर तेही नाही.

तर त्या वेळचं. महागाई सहा महिने चढत होती. आधीच्या तीन निवेदनांत वाक्य होतं, 'समितीने दर सध्या आहे तिथेच ठेवण्याचे ठरवले आहे.' त्या 'सध्या'मध्ये सगळी मेख होती. सध्या नाही, पण पुढच्या वेळी वाढवू, सावध राहा. या वेळी समितीतल्या कुणाला तरी 'आहे तिथेच' बोलीभाषेतलं वाटलं. वाक्य बदललं, पण 'सध्या' तेवढं जागच्या जागी ठेवलं. नवं वाक्य झालं, 'समितीने सध्या सध्याचा दर कायम ठेवण्याचे ठरवले आहे.'

परत वाचून बघा. सध्या, सध्याचा. कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल की टंकलेखकाची बोटं अडखळली.

मी खरं सांगते, त्या सकाळी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. माझं कर्ज बदलत्या व्याजाचं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. दर वाढला असता तर हप्त्याला आणि ऑपरेशनला एकाच पगारातून पुरवणं माझ्या आवाक्याबाहेर होतं. सचिवांनी मूळ प्रत हातात दिली तेव्हा घड्याळात दहाला पंधरा मिनिटं कमी होती, समितीच्या सह्या होऊन ती यायलाच उशीर झाला होता. मी वाचायला लागले आणि माझी नजर तोंडाच्या पुढे पळायला लागली. पुढे 'कायम' दिसलं. छातीवरचं ओझं उतरलं. तोंड वाचतच होतं. मास्तरांचं पेन एकदा करकरलं. सचिव निवेदन सोडण्याच्या परवानगीवर गव्हर्नरसाहेबांची सही आणायला बाहेर गेले होते, त्यांच्यासाठी तेवढं कुलूप उघडलं होतं. टंकलेखक पलीकडे यंत्रात कागद भरत होता. शेवटी फक्त आकडे परत वाचले, तेवढाच वेळ होता. टंकलेखकाने लाल खुणांप्रमाणे दुरुस्त केलं, सचिव आले, घाईत सही केली, आणि दहाच्या ठोक्याला निवेदन गेलं.

आम्ही उपाहारगृहात खाली आलो. तिथला टीव्ही नेहमी आवाज बंद करून चालू असतो. पडद्यावर लाल पट्टी फिरत होती: 'बँकेने सध्या हा शब्द वगळला. दरवाढीची शक्यता मावळली.' निवेदिका हात उडवत होती, तिच्या मागचा आलेख सरळ वर चालला होता. मी म्हणाले, "मास्तर, बघा, या लोकांना काय दिसेल ते सांगता येत नाही. सध्या तर होतं की."

त्यांनी कप खाली ठेवला. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

"मी खोडलं," ते म्हणाले.

"काय खोडलं?"

"सध्या. दुबार पडलं होतं." एवढं बोलून ते उठले आणि जिन्याकडे निघाले. लिफ्टची वाट पाहिली नाही. तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांनी स्वतः सचिवांना सांगितलं. दहा एकतीसला बँकेने दुरुस्ती काढली. त्या एकतीस मिनिटांत रोख्यांचे भाव जेवढे चढले होते, त्याच्या दुपटीने दुपारपर्यंत आपटले. ज्यांनी भरवशावर घेतलं होतं त्यांचे हात पोळले. त्यात एक निवृत्तांचा निधी होता, आणि हे माझ्या मनातून जात नाही.

चुकीपुरतं असतं तर ताकीद देऊन भागलं असतं. पण चौथ्या दिवशी एका वर्तमानपत्रात आलं की त्या सकाळी एका दलाली कंपनीने पहिल्याच मिनिटाला भरपूर रोखे घेतले आणि दहा तेवीसला, दुरुस्तीच्या आठ मिनिटं आधी, विकून मोकळी झाली. कंपनी जावयाची. सौदा जावयाने केलेला. शब्द खोडला सासऱ्याने. मग कुणाला आणखी काय लागतं? जावयाला कंपनीने घरी बसवलं. बँकेने तीन माणसांची चौकशी समिती नेमली. एक निवृत्त न्यायाधीश, एक आमचे विधी अधिकारी आणि एक बाहेरचे हिशेबतपासनीस. मास्तरांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. कट ठरला असता तर निवृत्तिवेतन गेलंच असतं, वर फौजदारी.

आणि त्या सगळ्याची किल्ली माझ्या तोंडात होती. कशी ते बघा. मी 'सध्या सध्याचा' असं नीट वाचलं असेल, तर मास्तरांच्या कानाला आणि डोळ्याला जुळलं होतं, आणि तरीही त्यांनी सचिवांना न विचारता शब्द खोडला. नियम मोडला, तोही नेमक्या त्या शब्दासाठी. पण माझी जीभ घसरून मी एकदाच, नुसतं 'सध्याचा' म्हणाले असेन, तर त्यांनी कानाप्रमाणे दुरुस्त केलं. मग ते निर्दोष, जावयाचा योगायोग, आणि चूक माझी.

मला आठवेना.

अकरा दिवस मी ते आठवत होते. दात घासताना म्हणून बघायची, समितीने सध्या सध्याचा. बसच्या रांगेत ओठ हलवायची. कधी वाटायचं दोनदा म्हणाले, स्पष्ट ऐकू यायचं. दुसऱ्या क्षणी वाटायचं, 'कायम' दिसल्यावर कशाला कोण दोनदा म्हणतंय, जीभ सरळ पुढे पळाली असणार. वाक्य म्हणून म्हणून इतकं गुळगुळीत झालं की त्याला अर्थच राहिला नाही. आई म्हणाली, "कुणाशी बोलतेस गं? सध्याचा, सध्याचा काय?" मी म्हटलं, "काही नाही, कामाचं." ती म्हणाली, "कामाचं आहे तर कामावर बोल. मला वाटलं मला काही झालंय आणि तू लपवतेस." तिचं ऑपरेशन मी पुढे ढकललं होतं आणि कारण सांगितलं नव्हतं. ती आपल्या परीने भिऊन होती, मी माझ्या परीने.

त्या खोलीत आवाज टिपणारं यंत्र नव्हतं. आतलं काही टिपून बाहेर जाऊ नये म्हणून मुद्दाम ठेवलं नव्हतं. टंकलेखक म्हणाला, मी कागद भरत होतो, मला काही ऐकू आलं नाही. म्हणजे एकतर मास्तरांना माहीत, नाहीतर मला. आणि मास्तरांना विचारायची सोय नव्हती. चौकशी संपेपर्यंत आम्ही एकमेकांशी या विषयावर बोलायचं नाही, असं लेखी घेतलं होतं. त्या अकरा दिवसांत ते रोज वेळेवर यायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि जुने वार्षिक अहवाल तपासायचे. बारा वर्षांपूर्वीचे. त्यात चुका सापडत होत्या, त्या लाल करत होते. एकदा दुपारी त्यांच्या लेकीचा फोन आला. ते बराच वेळ नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "बाळा, जावईबापूंना म्हणावं, मला खरंच माहीत नव्हतं." तिकडून फोन ठेवलेला मलाही ऐकू आला. ते फोनकडे बघत बसले.

मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा संताप आला. दया करायला मी कोण होते? चूक माझीच असली तर?

साक्षीच्या दिवशी आधी मास्तरांना बोलावलं. चाळीस मिनिटं ते आत होते. बाहेर आले ते बाकावर बसले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा बाई. खरं सांगा."

आत लांब टेबल, तीन माणसं, मधे मूळ प्रत आणि छापील प्रत. छापीलवर मास्तरांची लाल रेघ, सरळ, 'सध्या'वरून. न्यायाधीश वयस्क होते, आवाज मऊ. त्यांनी विचारलं, "तुम्ही वाचताना हा शब्द किती वेळा उच्चारला, आठवतं का?"

आठवत नाही, हे खरं उत्तर होतं. मी तेच सांगणार होते, अगदी ओठांवर आणलं होतं. पण मला दिसलं की माझ्या 'आठवत नाही'चा अर्थ त्या टेबलावर काय होणार. माझं काही बिघडणार नव्हतं, आणि मास्तर बुडणार होते. माझी अजून अकरा वर्षं नोकरी होती, कर्ज होतं, आईचा गुडघा होता. हे सगळं मला दिसत होतं, आणि मी म्हणाले, "एकदाच. मी एकदाच वाचलं."

"खात्री आहे?"

"माझी नजर पुढच्या शब्दावर गेली होती. माझं स्वतःचं कर्ज आहे. दर वाढला नाही हे बघून माझं लक्ष उडालं. मी 'सध्याचा' एवढंच म्हणाले."

यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं. कदाचित म्हणूनच त्यांना पटलं. न्यायाधीशांनी शेजारच्याकडे बघून मान हलवली. मग मला म्हणाले, "तुमचे मास्तर तुम्हाला पाठीशी घालत होते. ते म्हणाले, तुम्ही दोनदा, अगदी स्पष्ट वाचलं. आम्हाला शंका आलीच होती."

मी बाहेर आले. मास्तर मला पाठीशी घालत होते म्हणजे मी खरंच एकदाच वाचलं असणार, असं मलाही वाटायला लागलं होतं. मास्तर बाकावरून उठले. मी हळूच म्हणाले, "मास्तर, मी सांगून टाकलं. मी एकदाच वाचलं होतं. तुम्ही कशाला माझ्यासाठी खोटं बोललात?"

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी चुकीचं छापलं गेल्यासारखं.

"तुम्ही दोनदा वाचलंत, बाई," ते म्हणाले. "'सध्या' म्हणालात. मग जरासा श्वास घेतलात. मग 'सध्याचा'. मी ऐकलं. मला वाटलं मूळ प्रतीतच टंकनाची चूक राहिलीय. सचिव नव्हते. चार मिनिटं होती. आयुष्यभर दुबार शब्द खोडत आलो, हात गेला. मी खोटं कशाला बोलेन?"

श्वास! त्यांनी श्वास म्हटल्याबरोबर मला आठवलं. अकरा दिवसांत जे आठवलं नाही ते लख्ख आठवलं. मी थांबले होते, कारण मलाही ते दोन शब्द विचित्र वाटले होते. मी बरोबर वाचलं होतं.

"मी आत जातो," मास्तर म्हणाले. "हे नोंदीत चुकीचं गेलं. दुरुस्त करायला हवं."

ते दाराकडे निघाले. तेवढ्यात दार उघडून विधी अधिकारीच बाहेर आले आणि त्यांनी मास्तरांचा हात धरला. "संपलं, मास्तर," ते हसून म्हणाले. "तुमच्यावर काही नाही. जावईबापूंच्या कंपनीलाही आजच पत्र जातंय, उद्यापासून कामावर. लेकीला फोन करा आधी."

"पण साहेब, ते मी..." मास्तर म्हणाले.

"आता पण नाही आणि बिण नाही. बाईंनी मोठ्या मनाने कबूल केलंय. तुम्ही त्यांना वाचवायला बघितलंत, तेही आम्ही समजून घेतलं. घरी जा."

मास्तरांचा हात अजून त्यांच्या हातात होता. तोंड उघडलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. एक शब्द बोलले असते तर लेक, जावई, निवृत्तिवेतन, सगळं परत त्या टेबलावर गेलं असतं, आणि शिवाय मी खोटी साक्ष देणारी ठरले असते. आता माझ्यासाठीसुद्धा त्यांनी गप्प राहायला हवं होतं, अशी मी तजवीज करून ठेवली होती. मी चांगलं करायला गेले आणि त्या माणसाला चारी बाजूंनी कोंडलं. त्यांनी तोंड मिटलं. खिशातून फोन काढला आणि लेकीचा नंबर लावला.

पुढे पंधरा दिवसांनी चौकशीचा अहवाल तयार झाला. तो गोपनीय होता. आणि गोपनीय कागद तपासायला बँकेत माणसं दोनच होती. या प्रकरणामुळे ठरलेली माझी बदली अहवाल मंजूर झाल्यावर व्हायची होती, तोवर मी वाचक होते. त्यामुळे आमचाच अहवाल आमच्याच टेबलावर आला, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कार्यालयं अशीच चालतात.

सकाळचे अकरा वाजले होते. मास्तर खुर्ची वळवून बसले. मी वाचायला लागले. प्रस्तावना, नेमणुकीचा आदेश, तारखा. मग निष्कर्ष. मी वाचलं, "वाचक महिलेने सदर शब्द एकदाच उच्चारला, स्वल्पविराम, असे समितीच्या निदर्शनास आले आहे, पूर्णविराम."

मास्तरांचं बोट ओळीवर थांबलं.

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

"परत वाचा, बाई."

तिसऱ्यांदा वाचलं. लाल पेन त्यांच्या दुसऱ्या हातात होतं, टोपण काढलेलं. चुकीचा शब्द समोर होता आणि तो चुकीचा आहे हे जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. भिंतीकडे वळलेल्या त्यांच्या मानेचा मागचा भाग मला दिसत होता. तिथली शीर उडत होती. मला वाटलं, आता हे खोडतील. खोडावं, असंही वाटलं. आणि खोडतील याची भीतीही वाटली.

"मास्तर," मी म्हणाले, "कानाला आणि डोळ्याला जुळतंय ना?"

त्यांनी ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"जुळतंय," ते म्हणाले.

"मग?"

"मग पुढे वाचा."

पुढचं वाक्य माझ्या दोन पगारवाढी रोखण्याबद्दल होतं. मी ते वाचलं, स्वल्पविराम आणि पूर्णविरामासकट, खणखणीत. आपण सुटलो, असं त्या क्षणी मला वाटलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.